उजवी विंग कुणाची? नाटकात नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी थोडी शब्दओळख

एकांकिकांचा हंगाम जवळ आला की तासगाव, विटा, जतहून सांगलीला शिकायला आलेली मुलं-मुली कॉलेजच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा तालमीला उभी राहतात. पहिल्याच संध्याकाळी कानावर पडतं, "डाउनला ये, चीट घे, त्याला मास्क करू नको, क्यू उचल." अर्थ सांगायला कुणी थांबत नाही आणि विचारायची लाज वाटते. ही लाज फार महागात पडते. शब्द कळले नाहीत म्हणून आपल्याला अभिनयच येत नाही असं धरून चांगली पोरं आठवड्याभरात गळतात. म्हणून विचारा, चारदा विचारा. अंक, प्रवेश, नेपथ्य, रंगभूषा हे शब्द तुम्हाला ठाऊक असणार, त्यात वेळ घालवत नाही. ज्या शब्दांवरून प्रयोग बिघडतो तेवढ्यांबद्दलच लिहितो.

सगळ्यात आधी उजवी आणि डावी. हसू नका, मीही यातच फसलो होतो. रंगमंचावरची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी. कायम त्याचीच. नट वळला, पाठमोरा झाला, जमिनीवर झोपला तरी रंगमंचाची उजवी बदलत नाही. प्रेक्षकांना ती त्यांच्या डाव्या हाताला दिसते.

नियम एका ओळीचा आहे, पण तो चार ठिकाणी मोडतो. पहिलं ठिकाण दिग्दर्शकाची खुर्ची. तो समोर बसलेला असतो आणि घाईत स्वतःच्या उजवीकडे हात करून "उजवीकडून ये" म्हणतो. तुम्ही हात बघून येता, शेजारचा नट शब्द ऐकून येतो, दोघं दोन विंगांतून, म्हणजे मंचाच्या कडेच्या पडद्याआडच्या जागांतून. दुसरं ठिकाण कागद. नेपथ्याचा नकाशा काढताना प्रेक्षक खाली आणि मागचा पडदा वर दाखवतात. अशा कागदाच्या डाव्या हाताला रंगमंचाची उजवी येते. नवखा माणूस कागदाच्या उजव्या कडेला दार बघतो, संहितेत "उजवीकडून एन्ट्री" लिहितो आणि तिथूनच चूक सुरू होते. तिसरं ठिकाण तालमीची खोली. वर्गात तालीम चालते तेव्हा बाजूंना आपोआप नावं पडतात: खिडकीकडची, फळ्याकडची. महिनाभर "खिडकीकडून ये" ऐकलेला नट नाट्यगृहात जातो, तिथे खिडकी नसते. चौथं ठिकाण मोबाइल. पुढच्या कॅमेऱ्यानं तालीम चित्रित केली तर पुष्कळ फोनमध्ये चित्र आरशासारखं उलटं साठवलं जातं. ते बघून हालचाली पाठ केल्या तर सगळं नाटक उलटं बसतं.

याचा हिशोब स्पर्धेच्या दिवशी होतो. सेट लावायला मोजकी मिनिटं असतात. दाराची चौकट उलट्या बाजूला उभी राहते. प्रकाशयोजनाकार समोरून बघत असतो, तो त्याच्या उजवीकडचा स्पॉट लावतो. आत येणारा नट अंधारात येतो. आधीपासून मंचावर असलेला नट सवयीनं दुसऱ्याच विंगेकडे बघून "आलास?" म्हणतो. त्या नजरेला उत्तर नसतं. प्रेक्षकांना नेमकं काय चुकलं ते कळत नाही, काहीतरी खोटं चाललंय एवढं मात्र कळतं.

उपाय सोपा आहे, पहिल्या तालमीलाच करा. एक कोरा कागद घ्या, खालच्या कडेला मोठ्या अक्षरांत "प्रेक्षक" लिहा. आडव्या दोन आणि उभ्या दोन रेषा मारून नऊ घरं करा. कागदाच्या डाव्या कडेला "उ", उजव्या कडेला "डा". वरची ओळ अप, मधली सेंटर, खालची डाउन. आता कागद उलटा धरा, म्हणजे "प्रेक्षक" हा शब्द तुमच्यापासून लांब जाईल. उ तुमच्या उजव्या हाताला आला? मग नकाशा बरोबर. तालमीच्या खोलीत जमिनीवर खडूनं तेच उ आणि डा लिहा. विंगांना प्रेक्षकांजवळच्या विंगेपासून मागे जात आकडे द्या: उजवी एक, उजवी दोन, डावी एक. संहितेच्या समासात पेन्सिलीनं "उ२ मधून, डाउन सेंटर" एवढंच लिहा. पेन्सिल अशासाठी की दिग्दर्शक मूव्ह, म्हणजे ठरलेली हालचाल, बदलणार. खिडकी, फळा, कपाट हे शब्द तालमीत कुणी उच्चारले तर तिथेच थांबवा, अगदी दादा किंवा सर असले तरी. त्यात उद्धटपणा नाही.

अप आणि डाउन एकदा कळलं की विसरत नाही. युरोपातल्या जुन्या रंगमंचांना मागून पुढे उतार असायचा. मागे जाणारा नट खरोखर चढ चढायचा, प्रेक्षकांकडे येणारा उतरायचा. आज मंच सपाट आहेत, शब्द राहिले. यातूनच अपस्टेज करणं आलं. तुमच्याशी बोलणारा नट हळूहळू मागे सरकत गेला की त्याच्याकडे बघायला तुम्हाला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते आणि प्रसंग त्याच्या खिशात जातो. कुणी नकळत करतं, कुणी मुद्दाम. भांडू नका, पुढच्या वाक्याला एक पाऊल त्याच्या रेषेत मागे घ्या.

चीट म्हणजे समोरच्याशी बोलताना शरीर थोडं प्रेक्षकांकडे उघडं ठेवणं. खऱ्या आयुष्यात आपण समोरासमोर उभे राहतो. मंचावर तसं केलं तर प्रेक्षकांना दोन कान दिसतात. पाय तिरके, छाती अर्धी समोर, नजर सहकलाकाराकडे. मास्क करणं म्हणजे दुसऱ्याला झाकणं. तुमचं तुम्हाला तपासता येतं: पहिल्या रांगेतली टोकाची खुर्ची तुम्हाला दिसत नसेल तर तिथल्या माणसाला तुम्हीही दिसत नाही. पुढच्याला हलवू नका, आपण अर्धं पाऊल सरका. दुसऱ्याच्या हालचालीमुळे मोडलेली रचना सावरण्यासाठी घेतलेल्या या उलट्या पावलाला काउंटर म्हणतात.

अंतराचाही विचार करा. वर्गात पंधरा फुटांत बसवलेली मूव्ह तीस फुटांच्या मंचावर दुप्पट लांब होते. सावकाश चालीत चार-पाच सेकंद जास्त लागतात आणि वाक्य मध्येच संपून नट मुका चालत राहतो. खोली लहान असेल तर शाळेच्या मैदानावर नाट्यगृहाच्या मापाची चौकट फक्कीनं आखा आणि आठवड्यातून दोनदा तिथे तालीम घ्या.

तालीम हा शब्द आपल्या भागात वेगळा समजावायला नको. सांगली-साताऱ्यात तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते. नाटकाची तालीमही अंगात मुरवण्याचीच गोष्ट आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. नटांना शिकवणारे तालीममास्तर म्हणूनही त्यांचा लौकिक होता. आधी वाचन, मग ब्लॉकिंग म्हणजे कोण कुठे उभा राहील ते ठरवणं, मग सलग रन, मग तांत्रिक तालीम, शेवटी पूर्ण वेश-प्रकाशासह रंगीत तालीम. चपला, नऊवारी, धोतर रंगीत तालमीला पहिल्यांदा घालणं ही हमखास चूक. नऊवारीत पावलाची लांबी बदलते, खाली बसून उठायची पद्धत बदलते. जुनं लुगडं आणा आणि पहिल्या आठवड्यापासून नेसा.

आता वाचिक, म्हणजे बोलण्याचा भाग. क्यू म्हणजे ज्यावर तुमचं वाक्य सुरू व्हायचं ती खूण: आधीच्या वाक्याचे शेवटचे शब्द, दाराचा आवाज, दिवा मंद होणं, काहीही. "क्यू उचल" याचा अर्थ घाई कर असा घेतला जातो आणि पोरं धडाधडा बोलू लागतात. बोलण्याचा वेग तोच ठेवायचा आहे, दोन वाक्यांमधली मोकळी जागा काढायची आहे. त्यासाठी समोरचा बोलत असतानाच श्वास घेऊन ठेवावा लागतो. नुसती आपली वाक्यं रंगवून पाठ करणारे इथेच अडकतात. आपलं वाक्य हातानं झाका, समोरच्याचं मोठ्यानं वाचा, मग आपलं म्हणा.

वाक्य पडणं हा मराठी नटाचा खास रोग आहे. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार शेवटी येतात. "मी उद्या तुझ्या घरी येणार नाही" यातला "नाही" श्वास संपल्यानं गळाला, तर मागच्या रांगेला तुम्ही येणार आहात असं ऐकू जातं! एका मित्राला शेवटच्या रांगेत बसवा. शेवटचा शब्द कळला नाही की त्यानं हात वर करायचा. पहिल्या दिवशी हात खालीच येणार नाही. घाबरू नका, रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत फरक ऐकू येतो. मंचावर माइक आहेत या भरवशावर हे सोडू नका.

उच्चारांवरून कुणी तुम्हाला गावंढळ म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. आपली बोली हा साठा आहे, पुसायचा डाग नव्हे. प्रमाण बोली दुसरा वेश म्हणून शिका: "पाणी"तला ण, "चमचा"तला च आणि "चहा"तला च वेगळा. दोन्ही वेश येणाऱ्या नटाला जास्त भूमिका मिळतात.

संहिता शब्दशः पाठ हवी. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सूत्रधार पदं गाई आणि पात्रं आपली भाषणं बरीचशी उत्स्फूर्त करत. आज ती सूट घेऊ नका. तुमच्या शेवटच्या तीन शब्दांवर कुणाची एन्ट्री, कुणाचा दिवा, कुणाचं संगीत बांधलेलं असतं.

प्रॉम्प्टर अडलेल्या नटाला विंगेतून वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द देतो, अख्खं वाक्य नाही. पॉज आणि विसर यांतला फरक त्याला कळायला हवा, म्हणून त्याच्या प्रतीत प्रत्येक पॉज खुणेनं दाखवा. माझं ठाम मत आहे की नव्या माणसानं पहिलं नाटक प्रॉम्प्टिंगला किंवा बॅकस्टेजला करावं. दोन दिवसांची कार्यशाळा आणि रंगीत प्रमाणपत्र यापेक्षा ते शंभरपटीनं शिकवतं. आणि प्रत्येक वाक्य स्वतः करून दाखवणाऱ्या गुरूपासून जपा. त्याची नक्कल पहिल्या प्रयोगाला टाळ्या देईल, दुसऱ्या दिग्दर्शकाकडे गेलात की हात रिकामे. "तू आत का आलास?" असं विचारून गप्प बसणारा दिग्दर्शक मिळाला तर त्याला सोडू नका.

लाइट घेणं म्हणजे ठरलेल्या प्रकाशात चेहरा नेमका आणणं. दिव्याची तिरीप डोळ्यांत जाणवली तर तुम्ही प्रकाशात आहात. डोळ्यांना बरं वाटतंय म्हणजे बहुतेक अंधारात उभे आहात. ब्लॅकआउट झाला की लगेच पळू नका. मनात तीनपर्यंत मोजा, मग जमिनीवरच्या रेडियमच्या पट्टीवरून निघा. लेव्हलच्या, म्हणजे उंचवट्याच्या, कडांना ही पट्टी लावलीच पाहिजे. अंधारात पाय मुरगळतो तो तिथेच.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेश-रंगभूषेचा, सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा. वर जे लिहिलं ते पहिल्या तिघांच्या आसपासचं आहे. चौथा उशिरा येतो, आणि पाय कुठे ठेवायचा या काळजीतून मन सुटलं की जास्त सहज येतो. सहा महिने नुसतं चीट आणि क्यू यांतच गेले तरी तुम्ही मागे पडलेला नाही.

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात, साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात किंवा आणखी कुठे प्रयोग असेल तर अर्धा तास आधी मंचावर जाऊ देतात का ते विचारा. सेंटरला उभे राहा, रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करा, उजवा हात वर करा. तो हात ज्या विंगेकडे आहे तिथपर्यंत चालत जा, पावलं मोजा, आणि आकडा समासात लिहून ठेवा.