तोच चेहरा, वर्षानुवर्षं: फोटोग्राफर आणि मॉडेलने जोडीने काम कसं करावं

एकाच मॉडेलसोबत दोन-तीन वर्षं काम झालं की शूट सोपं होतं आणि फोटो एकसारखे यायला लागतात. दोन्हींचं कारण एकच: फोटोग्राफरला काय आवडतं, ते मॉडेलला पाठ झालेलं असतं. कॅमेरा वर गेला की हनुवटी आपोआप खाली जाते, खांदा वळतो. म्हणून जुन्या जोडीने नव्या पोझ शोधण्याआधी नोंदवही सुरू करावी.

शूट झालं त्याच रात्री लिहायचं: जागा, वेळ, लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), उजेड कुठून होता, कपडे कोणते, पोझ कोणत्या. सहा महिन्यांनी निवडक फोटोंच्या 4 बाय 6 इंची प्रिंट काढून जमिनीवर पसरा. मोबाईलवर एकेक फोटो सरकवताना पुनरावृत्ती लक्षात येत नाही, जमिनीवर ती लगेच दिसते. जी पोझ पाचापेक्षा जास्त वेळा निघेल, ती पुढची तीन शूट बंद.

मग एक गोष्ट कायम ठेवा आणि एकच बदला. अमेरिकन फोटोग्राफर निकोलस निक्सन यांनी 1975 ते 2022 दरवर्षी त्याच चार बहिणींचा फोटो काढला, उभं राहण्याचा क्रमही तोच. बाकी काही हलत नाही, म्हणून वय दिसतं. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात यासाठी केळीची बाग उत्तम. लागवडीपासून घड उतरेपर्यंत महिन्याला एक फ्रेम घ्या: तीच ओळ, तीच 50 मिमी लेन्स, अंतर टेपने मोजून 3 मीटर. गुडघ्याएवढं रोप बघता बघता डोक्यावर जातं आणि शेजारी माणूस तोच असतो.

बागेत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, त्यामुळे चेहरा आजारी दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेल्या रंगांच्या तोलावर, विसंबू नका. मॉडेलच्या चेहऱ्याजवळ ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून त्यावरून कस्टम बॅलन्स घ्या, म्हणजे रंगांचा तोल स्वतः ठरवा. तरीही गालाच्या एकाच बाजूला हिरवी झाक राहिली, तर त्या बाजूच्या पानांवर पांढरी चादर टाका. दुसरी गोष्ट केळीचा चीक. कपड्यावर पडला की काळपट-तपकिरी डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. मॉडेलची स्वतःची चांगली साडी बागेत कधीच नेसवू नका.

कापसाच्या काळ्या रानात अडचण वेगळी. काळी माती उजेड परत फेकत नाही, त्यामुळे हनुवटीखाली आणि डोळ्यांत अंधार साचतो. पांढरा रिफ्लेक्टर कमरेच्या उंचीवर, मॉडेलपासून दीडेक मीटरवर धरा. चंदेरी नको, त्याने डोळे बारीक होतात.

मे महिन्यात सकाळी साडेसातला पॅक-अप करा. सूर्योदय सहाच्या आत होतो, तेवढा वेळ पुरतो. नंतर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि 200 मिमी लेन्सने लांबून काढलेल्या फोटोत डोळे मऊ, म्हणजे धूसर येतात. लोक फोकसला दोष देतात, पण दोष हवेचा असतो. 85 मिमी लावून जवळ जा.

सूचना देताना डावं-उजवं नेहमी मॉडेलच्या बाजूने. घरी अहिराणी बोलत असाल तर सूचनाही अहिराणीतच द्या, चेहरा लवकर सैल होतो. पदर किंवा केस नीट करायचे असतील तर स्वतःवर करून दाखवा, हात लावायचा तर विचारून. ओळख कितीही जुनी असली तरी हा नियम सुटता कामा नये. शेतमालकाला आदल्या दिवशी विचारा. बघे जमतातच, म्हणून मॉडेलच्या पसंतीचं एक माणूस सोबत असू द्या.

जोडी खरी तयार होते ती फोटो निवडताना. तीनशे फोटोंतून दोघांनी वेगवेगळे वीस निवडा, एकमेकांचे न बघता. जिथे मत जुळत नाही, तिथेच जास्त बोला: मॉडेलला जो फोटो खोटा वाटतो तो बहुतेक वेळा सवयीचा असतो. तिने नको म्हटलेला फोटो एडिटिंगच्या आधीच बाजूला काढा, कारण त्यावर दोन तास खर्च झाले की सोडवत नाही.

साचलेपण वाटलं तर महिनाभर कॅमेरा ठेवून द्या आणि दोघं मिळून चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं कलादालन बघून या. चार भिंतींच्या आत राहून त्या माणसाने केवढं काम केलं, हे बघितलं की नवी जागा शोधण्याची घाई कमी होते.

कागद मात्र पहिल्या दिवसापासून हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार फोटोचा पहिला हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा असतो. पण मॉडेलने पैसे देऊन पोर्टफोलिओ काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर हक्क तिचा. मानधन, फोटो कुठे लागतील, जाहिरातीत वापरले तर वाटा किती, हे मराठीत एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. हे पान दरवर्षी नव्याने करा. लग्न, नोकरी, घरची परिस्थिती बदलते. काल चाललेला फोटो आज नको असू शकतो. मूळ फाइलींच्या दोन हार्ड डिस्क ठेवा, त्यातली एक मॉडेलच्या घरी.