अंधगृहाचा जुना ठेवा सांभाळायचाय? मग आधी फोटो बाजूला ठेवा

आपल्याकडच्या अंधशाळा आणि अंधगृहं किती जुनी आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दादरची शाळा १९०० सालची, दुष्काळाच्या दिवसांत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड बाईंनी काढलेली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. अशा ठिकाणी अमृतमहोत्सव नाहीतर शताब्दी जवळ आली की कमिटीला एकदम जाग येते आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "जुने फोटो गोळा करा, स्मरणिका काढू." काढा की, पण ज्यांचं आयुष्य त्या इमारतीत गेलं त्यांना त्या गुळगुळीत कागदावर हात फिरवून काय कळणार? मी एका अंधगृहात दोन उन्हाळे हे काम केलं, त्यात बऱ्याच चुका केल्या, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

सुरुवात कपाटापासून करा, आणि एकट्याने करू नका, तिथले एक जुने विद्यार्थी किंवा निवृत्त शिक्षक शेजारी बसवून घ्या. मी शहाणपणा करून पहिल्या दिवशी सगळी ब्रेलची पुस्तकं धूळ झटकून एकावर एक नीट रचली, वर वजन पण ठेवलं, म्हटलं पानं वाकायला नकोत. आठवड्याने सर आले, मधलं एक पुस्तक ओढलं, एका ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे, इस्त्री करून ठेवलीस की!" टिंबं दबली होती. तर ब्रेलची पुस्तकं कायम उभी ठेवायची, सैलसर, लायब्ररीत असतात तशी. लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने आणि दाबाने टिंबं जातातच. रबरबँड, दोरीने करकचून बांधणं, हे पण नको. धूळ मऊ ब्रशने हळूच काढायची, आणि कसर किंवा वाळवी दिसली तर ते पुस्तक आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा, मग पुढचं बघा.

कॉपी कशी काढायची हा पुढचा प्रश्न. झेरॉक्स मारली तर कोरा कागद बाहेर येतो, कारण तिथे शाईच नाही. मोबाईल वरून सरळ धरून फोटो काढला तरी फारसं काही दिसत नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च टेबलाच्या लेव्हलला आडवी धरा म्हणजे प्रत्येक टिंबाची सावली पडते, आणि ही टॉर्च सगळ्या फोटोंत एकाच बाजूने हवी, समजा डावीकडून. नाहीतर दोन्ही बाजूंना लिहिलेलं पान असेल तर उंचवटा कुठला आणि खड्डा कुठला हे नंतर कुणालाच कळत नाही. हाताने ब्रेलच्या पाटीवर, म्हणजे भोकांच्या पट्टीत कागद अडकवून, लिहिताना मागून टोच्याने टोचतात, उजवीकडून डावीकडे, म्हणून वाचायची बाजू ती जिथे टिंबं वर आलेली लागतात. मी पहिली चाळीसेक पानं उलट्या बाजूने काढून बसलो होतो, असो.

आता एक गंमत. आम्हाला एक वही सापडली जी सरांनाही लागेना, अक्षरं ओळखीची पण शब्दच होईना. अशा वेळी "खराब आहे" म्हणून रद्दीत टाकू नका!! आज आपण वापरतो ते भारती ब्रेल १९५१ मधे ठरलं. त्याच्या आधी देशात वेगवेगळ्या पद्धती चालायच्या, मुंबईकडे नीलकंठराय छत्रपतींची ब्रेल, कलकत्त्याकडे शाह ब्रेल, शिवाय मिशनवाल्यांची ओरिएंटल ब्रेल. भारतीमधे 'कमळ' लिहायला सरळ तीन खाने (एका अक्षराच्या टिंबांची जागा म्हणजे एक खाना) लागतात, क म ळ, आणि तुमच्या पानावर असे साधे शब्दच जुळत नसतील तर ते पान १९५१ च्या आधीच्या पद्धतीतलं असण्याची बरीच शक्यता आहे. ते पाकिटात घालून पाकिटावर पेन्सिलीने तसं लिहून ठेवा, सगळ्यात जपायची चीज तीच.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंद काढून आणा, पण त्यावरची तारीख स्थापनेची समजू नका, कायदाच १९५० चा आहे, त्यामुळे जुन्या संस्थांची नोंद नंतरचीच असते. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मिळालं तर सोनंच, काही ठिकाणी अंधत्वाचं कारण पण लिहिलेलं असतं, देवी, खुपऱ्या, गोवर. देवीचा शेवटचा रुग्ण आपल्याकडे १९७५ ला सापडला, त्यानंतरच्या पानांवर तो शब्द हळूहळू कसा नाहीसा होतो ते बघताना अंगावर काटा येतो. पण त्यात पोरांची नावं, जात, घरची परिस्थिती सगळं असतं, म्हणून ते भिंतीवर लावायचं नाही आणि ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही.

खरा ठेवा मात्र म्हाताऱ्या माणसांकडे आहे, आणि तिथे घाई केली की संपलं. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावायच्या आधी परवानगी घ्या, फॉर्म पूर्ण वाचून दाखवा आणि होकार रेकॉर्डिंगमधेच घ्या, न वाचता अंगठा नको. आणि "कसं दिसायचं" असं विचारू नका, मी विचारलं, आजी हसल्या. "जेवणाची घंटा कशी वाजायची", "वेताच्या खुर्च्या विणताना बोटांना काय व्हायचं", "झोपायच्या खोलीपासून नळापर्यंत किती पावलं" असं विचारा. पावलांच्या प्रश्नावर एक काका सरळ उठले आणि मला हाताला धरून घेऊन गेले. बावीस पावलं, मधे एक पायरी जी आता फरशीखाली गेलीय, तरी तिथे त्यांचा पाय आपोआप उचलला गेला. ते चालणं पण रेकॉर्ड करा, मोबाईल खिशात ठेवून.

शेवटी मांडणी. काचेच्या कपाटात टेलर फ्रेम (अंधांची गणितं करायची चौकट) ठेवून वर "हात लावू नये" लिहिलेलं मी पाहिलंय, अंधगृहात!! पाट्या, स्टायलस (टोच्या), गणिताच्या फ्रेम, जुना ब्रेलर (ब्रेलचा टाइपरायटर), सगळं उघड्या टेबलावर, कंबरेच्या उंचीला, आणि नाजूक कागदांची नवीन ब्रेलमधे काढलेली प्रत शेजारी. डोळ्याला पट्टी बांधून पाहुण्यांना फिरवायचा कार्यक्रम कुणी सुचवेल, मला स्वतःला तो आवडत नाही, दहा मिनिटं धडपडून काय कळतं? त्यापेक्षा तिथल्याच कुणाला गाईड करा, आणि त्याचे पैसे द्या.

लेबलं चिकटवल्यावर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणा ब्रेल वाचणाऱ्याला सगळी एकदा वाचायला लावा. आमची अकरा लेबलं उलटी लागली होती, आणि आम्हा डोळस मंडळींपैकी एकालाही पत्ता नव्हता.