इंजिन बांधून आलं, पण जुना ट्रॅक्टर सुरूच होईना? दोष असा शोधा

मॅसी 1035, महिंद्रा बी-275, एचएमटी 2511, फोर्ड 3600 असे जुने ट्रॅक्टर मराठवाड्यात अजूनही कुठं कुठं राबताना दिसतात. त्यांच्या इंजिनाचं काम बहुधा उन्हाळ्यात निघतं, कारण मृगाच्या आत ट्रॅक्टर रानात हवा असतो. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं टाकलं, वरून रंगही मारला, आणि सेल (स्टार्टर) मारला तर इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. मग कुणीतरी टोचन, म्हणजे ट्रॅक्टर ओढायची साखळी, घेऊन येतंच. ते टोचन आधी बाजूला ठेवायला लावा. टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि डिझेलच्या फवाऱ्याची वेळ, चुकलेलं इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढलं तर व्हॉल्व्ह आणि पुशरॉड वाकतात, आणि बांधलेलं काम पुन्हा उघडावं लागतं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते पुरेशा वेगानं फिरावं, आत हवा घट्ट दाबली जावी आणि नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा पडावा, एवढंच त्याचं मागणं. चालता ट्रॅक्टर बंद पडला तर सहसा एखादीच गोष्ट बिघडलेली असते. नुकत्या बांधलेल्या इंजिनात मात्र प्रत्येक भाग कुणीतरी काढून परत बसवलेला असतो, म्हणून कशावरच भरवसा ठेवायचा नाही आणि तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करायची.

1. हातानं फिरवून बघा

गिअर न्यूट्रलला, चाकाला दगड, बॅटरीची वायर सुटी. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवा. फोर स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणून एक फेरा पुरत नाही. नव्या रिंगांमुळे ते जड लागेल, ते चालेल. पण एका जागी लोखंडाला लोखंड लागल्यासारखं अडलं तर जोर करू नका. पिस्टन व्हॉल्व्हला लागत असेल किंवा आत काही पडलं असेल. फिरवताना प्रत्येक सिलिंडरचा दाब हाताला समजतो. एखाद्या जागी इंजिन अगदी सैल गेलं तर तो सिलिंडर लक्षात ठेवा.

2. सेल आणि अर्थिंग

घट्ट इंजिनाला सेल जास्त करंट ओढतो. 12 व्होल्टची चांगली चार्ज बॅटरी स्थिर असताना साधारण 12.6 दाखवते, सेल मारताना ती 9.5 च्या खाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघा. इथं एक गंमत नेहमी होते. रंग मारून चकाचक केलेल्या इंजिनावर अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळलेली असते. तेवढी जागा खरवडून पट्टी पुन्हा बसवली की सेलचा आवाजच बदलतो.

मग स्टॉपची (इंजिन बंद करायची) दांडी ओढून धरा आणि 10-15 सेकंद सेल मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. ऑइलचा काटा हलेपर्यंत हेच करा. कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवण्यापेक्षा ते थोडं उशिरा पेटलेलं परवडतं. आणि नंतर दांडी परत आत ढकला. हे हसण्यावारी नेऊ नका. नवी केबल आखूड बसली की दांडी वरून आत गेलेली दिसते, पण डिझेल पंपावरचा लिव्हर बंदच राहतो. लिव्हर बोटानं हलवून बघा.

3. हवेची वाट

काम चालू असताना कचरा जाऊ नये म्हणून इनलेटच्या (हवा आत जायच्या) तोंडात फडकं कोंबलेलं असतं. ते काढलं का? ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये ऑइल खुणेच्या वर भरलं का? ट्रॅक्टर महिनोनमहिने झाडाखाली उभा होता का? तसं असेल तर सायलेन्सरही बघा, गांधीलमाशीला ती जागा फार आवडते.

4. आता सायलेन्सरकडे बघा

एकानं सेल मारायचा, दुसऱ्यानं धूर बघायचा. पुढचा रस्ता धूरच ठरवतो.

*धूर अजिबात नाही* म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. बहुतेक वेळा लाइनमध्ये एअर असते. ती टाकीकडून पंपाकडे क्रमानं काढा: आधी फिल्टरचे स्क्रू, मग पंपाचे. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. फीड पंपाची (टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) हाताची दांडी ढिली लागून पंप मारतच नसेल तर पंप खराब म्हणून फेकू नका. आतला कॅम उंच जागी थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. शेवटी इंजेक्टरकडचे पाइपचे नट ढिले करून सेल मारा. तिथून झटके देत डिझेल उडालं की नट आवळा. त्या फवाऱ्यासमोर हात धरू नका; इतक्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं, आणि ते साध्या जखमेसारखं नसतं, थेट दवाखाना गाठावा लागतो.

एअर काढूनही ती परत येत असेल तर बंजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर आणि फिल्टरची रबरी रिंग बघा. जुनी रिंग वर चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते. पंपापर्यंत डिझेल येतं पण पुढं जात नाही, असं असेल तर पंप फळीवर नुसता पडून राहून बहुधा आतून चिकटला आहे. तो पंपवाल्याकडेच द्या. घरी हातोडी मारून सुटलेला पंप मी तरी पाहिला नाही.

*पांढरा धूर भरपूर, पण इंजिन धरत नाही* म्हणजे डिझेल जातंय आणि जळत नाहीये. इंजिन बांधल्यानंतर याचं पहिलं संशयित टायमिंग.

फ्लायव्हीलवरची टीडीसीची (पिस्टन अगदी वर आल्याची) खूण एका चक्रात दोनदा येते, एकदा दाबाच्या शेवटी आणि एकदा धूर बाहेर गेल्यावर. मिस्त्रीनं दुसऱ्या वेळी आलेली खूण धरून पंप बसवला तर फवारा पूर्ण एक फेरा चुकीच्या वेळी पडतो. तपासायला टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढा. चार सिलिंडरच्या इंजिनात 4 नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलत असतील, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तर 1 नंबर दाबाच्या टीडीसीवर आहे. तीन सिलिंडरमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथं 1 नंबरचा इनलेट व्हॉल्व्ह मिटल्यावर पुढं येणारी खूण धरा. पंपाची खूण त्याच वेळी जुळली पाहिजे. टायमिंग गिअर उघडून बघत असाल तर एक लक्षात असू द्या: मधल्या आयडलर गिअरवरच्या खुणा इंजिन फिरवल्यावर लगेच परत समोरासमोर येत नाहीत. त्याला कितीतरी फेरे लागतात. म्हणून त्या विस्कटलेल्या दिसल्या की घाबरून गिअर काढू नका.

पाइपांची अदलाबदलही बघा. चार सिलिंडरचा फायरिंग क्रम बहुधा 1-3-4-2 असतो. तीन सिलिंडरचा कंपनीनुसार बदलतो, पुस्तकात बघून घ्या.

टायमिंग बरोबर निघालं तर दाब. टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या मध्ये, फट नसेल तर व्हॉल्व्ह मिटत नाही. थंड इंजिनात साधारण 12 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.30 मिमी, पण तुमच्या मॉडेलचा आकडा पाहा. इंजेक्टरखाली जुना वॉशर राहून त्यावर नवा गेला असेल तर नोझल वर बसतो. इंजेक्टरच्या बुडाला साबणाचं पाणी टाकून सेल मारा. फेस आला तर दाब तिथून पळतोय. सगळं नीट असून एक सिलिंडर सैलच असेल, तर इंजेक्टर काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, हातानं दोन फेरे फिरवून घ्या आणि मग दाब मोजा. दाब वाढला तर रिंगांचं, नाही वाढला तर व्हॉल्व्हचं किंवा हेड गॅस्केटचं. चमचाभरच, कारण जास्त ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकते.

परभणीकडच्या डिसेंबरच्या पहाटे थंड इंजिन पांढरा धूर ओकत राहतं, तेव्हा इनलेटसमोर डिझेलचा बोळा पेटवून धरायची पद्धत आहे. नव्या इंजिनाला ते करू नका, ईथरचा फवाराही नको. रेडिएटरमध्ये गरम पाणी भरा, तेवढं पुरतं.

5. सुरू झाल्यावर

नुसतं आयडलवर (कामाविना मंद) तासभर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. ऑइलचा दाब आणि गळती बघून इंजिन गरम होऊ द्या, मग हलकं काम द्या. पहिल्या दिवशी नांगर नको, रिकामी ट्रॉली चालेल. त्यानंतर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर आवळा. हेड आवळलं की टॅपेटची फट बदलते, तीही त्याच दिवशी परत लावा.