वर्षाची ज्वारी भरताना

रोज आठ भाकरी लागत असतील तर पाऊण किलो पीठ, म्हणजे महिन्याला साडेबावीस किलो ज्वारी. सुट्टी पिशवी आणण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, रास झाली की वर्षाची एकदम घ्या. तेव्हा आवक मोठी, भाव उतरलेला. मंगळवेढ्याची मालदांडी ही जात भाकरीला सरसच, पण नावावर जाऊ नका. मूठभर दाणे तळहातावर पसरा: टपोरे, मोतिया, चकाकणारे हवेत. काळपट म्हणजे पावसात भिजलेले. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे.

चाळून, दोन-तीन कडक उन्हं द्या. (सोलापुरात उन्हाची काय वाण?) मग रात्रभर पसरून गार होऊ द्या. गरम धान्य कोठीत कोंडलं की आत वाफ धरते, बुरशी येते आणि केलेली बचत तिथेच संपते. थराथरात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला. कोठी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब.

दळण मात्र आठ दिवसांचंच आणा. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. तसं पीठ उरलंच तर उकळत्या पाण्यात मळा.