जुना पाइप ऑर्गन हलवायचा असेल तर

पाइप ऑर्गन म्हणजे भात्याच्या हवेवर शेकडो नळ्या वाजवणारं मोठं वाद्य. तो हलवताना पाना-पेचकस नंतर. आधी टेप घ्या आणि नव्या जागेची उंची मोजा. १६ फुटी, वरून उघडी नळी तिच्या पायासकट, म्हणजे खालच्या निमुळत्या भागासकट, १६ फुटांहून उंच भरते, आणि वर मोकळी हवाही लागते. नवी जागा पक्की होईपर्यंत एकही नळी काढू नका.

इतकं ठासून सांगतो ते मॅसॅच्युसेट्समधल्या मेथुएनचा ऑर्गन पाहिल्यापासून. जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गच्या वाल्कर कारखान्यात तो घडला आणि १८६३ मध्ये बोस्टन म्युझिक हॉलमध्ये वाजू लागला. नळ्या पाच हजारांच्या वर. पुढे ऑर्केस्ट्राला रंगमंच अपुरा पडू लागला म्हणून १८८४ मध्ये तो उतरवला. तो बसवायला जागा तयारच नव्हती. तेरा वर्षं सुटे भाग पडून राहिले. १८९७ मध्ये एडवर्ड सर्ल्स यांनी तो लिलावात १५०० डॉलरला घेतला आणि हेन्री वॉन या वास्तुकाराकडून खास त्याच्यासाठी हॉल बांधून घेतला. १९०९ मध्ये तो पुन्हा वाजला. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा खर्जाचा सूर कानाआधी बाकातून पाठीला कळला.

मी पेटी दुरुस्तीच्या घरातला. पेटीतला सूर, म्हणजे वाजणारी पितळी पत्ती, काढला की आधी कागदावर त्याची जागा मांडायची, ही वडिलांची शिस्त. इथल्या एका छोट्या चर्चचा ऑर्गन उतरवायला मदत केली, तेव्हा तीच कामी आली.

ऑर्गन चालू असतानाच हवेचा दाब मोजून ठेवा. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा, अर्धी पाण्याने भरा आणि एक टोक ऑर्गनची एक नळी उचलून तिच्या भोकात घट्ट बसवा. पट्टी दाबली की दोन्हीकडच्या पाण्याच्या उंचीत जो फरक पडतो, तोच दाब. आमचा तीन इंच आला. हा आकडा नसेल तर पुढे सगळ्या नळ्यांचा आवाज बदलतो. फोटो भरपूर काढा, पण फोटोवर विसंबू नका; प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा.

मग नळ्या. आधी लहान, मग मोठ्या. शिसं-कथिलाचा पत्रा इतका मऊ असतो की अंगठ्याचाही पोचा पडतो. मी एक नळी तिच्या तोंडाजवळ, म्हणजे हवा सुटते त्या कापाजवळ, धरून उचलली. त्या कापाची कड केसभर आत गेली आणि सूरच बोलेना. म्हणून सुती हातमोजे घाला, एक हात पायाखाली, दुसरा वरच्या अंगाला. नळी स्वतःच्या तोंडाने फुंकून पाहू नका, ओल आत जाते. नळीवर कोरलेलं सुराचं अक्षर वहीत उतरवा, कागदात गुंडाळा आणि आडवी ठेवा. मोठ्या नळीला दोन-तीन ठिकाणी लाकडी आधार द्या, नाहीतर ती स्वतःच्याच वजनाने वाकते. शिशाची धूळ पोटात जाऊ नये म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा.

पट्ट्यांपासून निघणाऱ्या बारीक लाकडी काड्यांच्या जुड्या क्रमाने बांधा. भात्याचं चामडं तडकलं असेल तर ते आत्ताच बदला. जुना सरस कोमट पाण्याने सुटतो.

जोडताना क्रम उलटा: सांगाडा, पाणसळ लावून, मग भाता, हवापेट्या (ज्यांवर नळ्या उभ्या राहतात), काड्या, नळ्या शेवटी. सूर लगेच लावू नका. लाकूड नव्या हवेला रुळू द्या. खोलीचं तापमान बदललं की नळ्यांचा सूर सरकतो, त्यामुळे रविवारी प्रार्थनेच्या वेळी जितकी ऊब असते तितकीच ठेवून सुरुवात करा.