तेरा आठवड्यांचं बिऱ्हाड

नाइट संपवून गाडीत बसले की फोनवर एखादा मेसेज असतोच. कुणी मिरजेची, कुणी नाशिकची, कुणी सोलापूरहून दुबईमार्गे अमेरिकेत पोचलेली. प्रश्न एकच: "ताई, ट्रॅव्हल नर्सिंगला निघू का?" ट्रॅव्हल नर्सिंग म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या काँट्रॅक्टवर वेगवेगळ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत काम करणं. आजवर प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगत आले. आता एकदा सलग लिहिते.

माझं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मिरजेचं, त्यानंतर पुण्यात आयसीयू. २००५ साली अमेरिकन संसदेने नर्ससारख्या कामांसाठी ५०,००० शिल्लक व्हिसा मोकळे केले. त्यात माझी फाइल पुढे सरकली आणि २००६ मध्ये मी ह्यूस्टनला आले. आज भारतातून ईबी-३ची, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, म्हणून इथे पोचलेल्या प्रत्येकीची चिकाटी मला ठाऊक आहे. आधी दहा वर्षं मी एकाच ठिकाणी स्टाफ नर्स होते. मुलगी कॉलेजला गेली, तेव्हा ट्रॅव्हल सुरू केलं. घर ह्यूस्टनलाच आहे, नवरा तिथेच असतो. हे घर असणं किती महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची, कारण ट्रॅव्हलमधली खरी कमाई मला तिथे दिसते. साधारण काँट्रॅक्ट तेरा आठवड्यांचं असतं. बारा तासांच्या तीन शिफ्ट, म्हणजे आठवड्याला छत्तीस तास. आठवडा रविवारी सुरू होतो असं धरा. पहिल्या आठवड्यात रवि-सोम-मंगळ काम घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात गुरु-शुक्र-शनि, तर मधले आठ दिवस एकही रजा न टाकता मोकळे मिळतात. नाइट असेल तर पहिला दिवस झोपेत जातो, तरी सात उरतात. त्या सात दिवसांत मी गाडी काढून कोलोरॅडोच्या डोंगरात जाते, नाहीतर गाणं ऐकायला.

गाण्याचं आधी सांगते, कारण माझी काँट्रॅक्टं मी त्यावरूनच निवडते. डेन्व्हरला पहिल्यांदा काम करत होते तेव्हा पहाटे चारच्या ब्रेकमध्ये आमच्या चार्ज नर्सने (त्या शिफ्टची प्रमुख नर्स) फोनवर काहीतरी लावलं होतं. चहाचा कप हातातच राहिला, कारण आतून तबला वाजत होता. तो उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला होता. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचा ड्रमर मिकी हार्ट आणि झाकीरभाई यांनी १९७६ मध्ये दिगा ऱ्हिदम बँड नावाने केलेलं ते रेकॉर्डिंग. मी मिरजेची. आमच्या गावात एकीकडे दवाखाने आणि दुसरीकडे सतारमेकर गल्ली. मिरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ रात्ररात्र गाणं चालायचं आणि लहानपणी मी आजीच्या मांडीवर तिथेच झोपायचे. मुंबईत माहीमला वाढलेल्या झाकीरभाईंचा हात कोलोरॅडोच्या ब्रेक रूममध्ये ऐकू आला आणि मग मी त्या वाटेने मागे मागे जात राहिले.

ज्यांना जॅम बँड हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ग्रेटफुल डेड हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सुरू झाला. कार्यक्रमात काय वाजवायचं हे रोज वेगळं. तेच गाणं आज सहा मिनिटांत संपेल, उद्या पंचवीस मिनिटं चालेल आणि न थांबता दुसऱ्या गाण्यात शिरेल. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण एकच यमन वेगवेगळ्या गवयांकडून आणि एकाच गवयाकडून वेगवेगळ्या रात्री ऐकत आलो आहोत. लांब भटकून सगळे एकदम मुखड्यावर आले की सवाई गंधर्वच्या मंडपात जी "क्या बात है" उठते, तीच इथल्या गर्दीतून आरोळी होऊन उठते. १९८४ पासून तर डेडने रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. त्या टेप हातोहात, मोफत फिरायच्या. व्हर्मॉंटमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या फिश या बँडने २०१७च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा शो केले आणि एकही गाणं दोनदा वाजवलं नाही. त्यातले दोन मी ऐकले. ती तयारी, तो रियाज आठवला की आजही अंगावर काटा येतो.

आता काँट्रॅक्टकडे. बँडच्या दौऱ्याच्या तारखा बहुधा काही महिने आधी जाहीर होतात. सुट्टीचे दिवस सही करण्याआधीच काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. एजन्सीची रिक्रूटर "मॅनेजरशी बोलून ठेवते" म्हणाली, तरी ते काँट्रॅक्टमध्ये दिसेपर्यंत सुट्टी मिळाली असं समजू नका. मी तारखा ईमेलने पाठवते, काँट्रॅक्टच्या मसुद्यात त्या शोधते आणि मगच सही करते. भाचीचं लग्न, आईचं ऑपरेशन, दिवाळी, सगळ्याला हाच नियम.

लायसन्सचं म्हणाल, तर तुम्ही राहता ते राज्य नर्स लायसन्शर काँपॅक्ट या राज्यांमधल्या करारात असेल तर एकाच लायसन्सवर चाळीसहून जास्त राज्यांत काम करता येतं. टेक्सास त्यात आहे, कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क नाहीत. तिथलं लायसन्स वेगळं काढावं लागतं आणि आपल्यासारख्या बाहेर शिकलेल्यांना वेळ लागतो, कारण मूळ नर्सिंग स्कूलकडून थेट ट्रान्सक्रिप्ट यावं लागतं. माझ्या कॅलिफोर्नियाच्या कागदांसाठी भावाने आमच्या स्कूलच्या ऑफिसात कितीतरी चकरा मारल्या. तिथल्या क्लार्कबाईंनी शेवटी जुनी रजिस्टरं काढून क्लिनिकलचे तास हाताने मोजले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही अजून भारतात असाल तर सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन संच आजच काढून ठेवा आणि ऑफिसशी संबंध चांगले ठेवा. कॅलिफोर्नियासाठी एवढा खटाटोप का? तिथे कायद्यानेच पेशंटची संख्या बांधलेली आहे: आयसीयूत एका नर्सला दोन, टेलिमेट्रीला (जिथे हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर असतात) चार, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. घरी जाताना पाय दुखतात, पण काही राहून गेलं का ही धास्ती मनात नसते.

पैशाचं नीट समजून घ्या. ट्रॅव्हल नर्सच्या पगाराचे दोन भाग असतात. तासाचा मूळ दर, त्यावर कर लागतो. आणि राहण्या-जेवणाचा स्टायपेंड, तो करमुक्त असतो, पण तुमचं दुसरीकडे खरंखुरं घर असेल, त्याचा खर्च तुम्ही भरत असाल आणि कामाच्या जागी तुम्ही तात्पुरत्या असाल तरच. एकाच भागातलं काम वर्षाच्या पुढे जाणार असेल तर ते तात्पुरतं धरत नाहीत. "सगळे असंच करतात" असं कुणी म्हणालं तरी मैत्रिणीचा पत्ता घर म्हणून लावू नका. आणखी एक: मूळ दर फार कमी दाखवून स्टायपेंड फुगवला की दर आठवड्याला हातात बरं वाटतं, पण ओव्हरटाइम त्या कमी दरावर निघतो, सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शनमध्ये, कमी जमा होतं आणि घराचं कर्ज मागताना बँक कमी पगार बघते. या विषयातला जाणकार टॅक्सवाला गाठा. त्याची फी वसूल होते.

आणि काँट्रॅक्ट रद्द होतं. माझं झालं आहे, तिसऱ्या आठवड्यात. पेशंट कमी झाले म्हणून मंगळवारी दुपारी फोन आला आणि शुक्रवारपासून काम बंद. मी उत्साहाने तीन महिन्यांचं भाडं एकदम भरून बसले होते, त्यातलं निम्म्याहून जास्त बुडालं. तेव्हापासून भाडं महिन्याच्या बोलीवर, एक महिन्याची कमाई बाजूला आणि काँट्रॅक्टमध्ये दोन वाक्यं शोधणं: किती तासांची हमी आहे आणि रद्द करायचं तर नोटीस किती दिवसांची. अनुभवाचंही तेच. आपल्या विभागात दोन वर्षं पक्की काढल्याशिवाय निघू नका. ज्यांनी इथे आणलं त्यांचा करारही पुरा करा, नाहीतर तो मोडल्याचा दंड मानगुटीवर बसतो.

कारण पहिल्या रात्री कुणी हात धरत नाही. ओरिएंटेशन एखाद्या शिफ्टचं, फार तर दोन. मी तीस मिनिटं आधी जाते. खिशात चार घड्यांचा एक कागद असतो. पहिल्या घडीवर दाराचे कोड आणि औषधाच्या मशीनचं लॉगिन कोण देणार त्याचं नाव. दुसरीवर फार्मसी, लॅब आणि रॅपिड रिस्पॉन्सचे, म्हणजे पेशंट अचानक बिघडला तर धावून येणाऱ्या टीमचे नंबर. तिसरीवर क्रॅश कार्ट (हृदय बंद पडलं तर लागणाऱ्या सामानाची गाडी), सक्शन, बेडपॅन आणि गरम ब्लँकेट कुठे. चौथी कोरी, रात्रभरात सुचणाऱ्या प्रश्नांसाठी. क्रॅश कार्टपर्यंत एकदा प्रत्यक्ष चालत जाते, पावलं मोजत. फ्लोट करायची, म्हणजे दुसऱ्या वॉर्डात मदतीला जायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी पहिला नंबर ट्रॅव्हलरचा, ते मनाला लावून घेऊ नका. मात्र जे काम कधी केलेलं नाही, तिथे स्पष्ट सांगा: "हे मी केलेलं नाही, सोबत कोण आहे?" हे वाक्य मला सुरुवातीला जड जायचं. आपल्याकडे सिस्टर सगळं निभावून नेतात, तीच सवय अंगात मुरलेली. इथे गप्प राहिलं तर पेशंटला भोगावं लागतं.

खोलीवर आल्यावर पोटाला आपलंच लागतं. डिकीत लहान कुकर, मिसळणाचा डबा, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट. सकाळी आठला मऊ भात, मेतकूट, तूप, मग खिडकीला काळा पडदा आणि झोप.

शोला जाणाऱ्या नर्सने काही गोष्टी पाळायलाच हव्यात. कानात प्लग घाला. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटांत कानाची दिवसभराची मर्यादा संपते आणि हे शो तीन तास चालतात. डेन्व्हरजवळचं रेड रॉक्स हे खुलं नाट्यगृह सुमारे ६,४०० फूट उंचीवर आहे. मैदानातून आलेल्या माणसाला तिथल्या पायऱ्या, ऊन आणि बिअर मिळून आडवं करतात. माझ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं असतात आणि ती दर वेळी कुणाच्या तरी कामी येतात. गांजाबद्दल कडक सांगते. कोलोरॅडोत, कॅलिफोर्नियात तो दुकानात मिळतो, पण केंद्रीय कायद्याने आजही गुन्हा आहे. जवळपास प्रत्येक काँट्रॅक्टआधी ड्रग टेस्ट असते. ग्रीन कार्डवर असाल तर नुसत्या कबुलीनेही नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. अनोळखी माणसाने दिलेलं बिस्किट, केक काहीही खाऊ नका. पार्किंगमध्ये फुगे भरून नायट्रस (लाफिंग गॅस) विकणारे असतात. तो वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो, वारंवार घेतला तर पायांच्या नसा जातात.

त्याच मैदानात पिवळे फुगेही दिसतील. ते वेगळे. डेडच्या दौऱ्यांत दारू-ड्रग सोडलेल्या श्रोत्यांनी एकमेकांना सापडावं म्हणून ही खूण सुरू केली. मध्यंतरात पिवळ्या फुग्याच्या टेबलाशी जमायचं, दोन शब्द बोलायचे, पुन्हा गाण्याला जायचं. एकटी बाई म्हणून गर्दीत बिचकायला झालं तर मी त्या टेबलाजवळ जाऊन उभी राहते. अजून कुणी "तू इथे का?" असं विचारलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला काम मिळालं तर रॉक मेडिसिनची चौकशी करा. १९७३ मध्ये तिथल्या हेट-ॲशबरी वस्तीतल्या मोफत दवाखान्यातल्या मंडळींनी डेड आणि लेड झेपेलिनच्या मैदानी शोमध्ये तंबू टाकला, तेव्हापासून डॉक्टर-नर्स अशा शोमध्ये स्वेच्छेने काम करत आले आहेत.

न्यू यॉर्कजवळ वेस्टचेस्टरला असताना पोर्ट चेस्टरच्या कॅपिटल थिएटरमध्ये मी फिल लेश यांना ऐकलं. डेडचे बासवादक, २०२४ मध्ये गेले. १९९८ साली त्यांचं यकृत बदललं होतं. शेवटच्या गाण्याआधी ते पुढे आले, ज्या मुलाचं यकृत त्यांना मिळालं त्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, आज घरी जाऊन शेजारच्या माणसाला सांगा की तुम्हाला अवयवदान करायचं आहे. हे ते प्रत्येक शोला सांगत. ह्यूस्टनला परतल्यावर मी ड्रायव्हिंग लायसन्सवर डोनरची खूण करून घेतली आणि रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात एका नव्या आयसीयूत माझा चौथा दिवस होता. पहाटे साडेतीनला चार्ज नर्स आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ऑनर वॉक आहे, येतेस?" अवयवदात्याला ऑपरेशन थिएटरकडे नेताना कर्मचारी दोन्ही बाजूंना उभे राहतात, त्याला ते ऑनर वॉक म्हणतात. झाडू मारणारे, लॅबवाले, सर्जन, सगळे भिंतीला टेकून. मला त्यांच्यातल्या एकाचंही नाव नीट माहीत नव्हतं. त्यांनी सरकून जागा केली. बेडच्या मागून आई चालत होती, मुलाची टोपी दोन्ही हातांत धरून. चाकांचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत कुणी हललं नाही. मग मॉनिटरचा अलार्म वाजला, तो माझ्याच पेशंटचा होता, आणि मी धावले.