चढ कळला की तक्ता कशाला?

रेषेचा आलेख म्हटलं की मुलं आधी तक्ता आखतात. क्षच्या चार किमती, यच्या चार, त्यातल्या दोन अपूर्णांकात आणि एक थेट कागदाबाहेर! दहावीच्या परीक्षेत तक्ता मागितला असेल तर निमूट तक्ता द्या. एरवी चढ आणि एक बिंदू पुरतो. (पुस्तकात आता एक्स-वाय असतं. मी क्ष-यच्या जमान्यातला, तेच लिहिणार.)

३क्ष + २य = ८ घेऊ.

य एकटा करा: य = −(३/२)क्ष + ४. भागताना ३ आणि ८, दोघांनाही २ने भागा.

सुटी संख्या ४, म्हणून य-अक्षावर (०, ४) इथे ठिपका द्या.

आता चढ, म्हणजे क्षचा सहगुणक: −३/२. अंश उभा, छेद आडवा. इथेच घात होतो. मी नववीत असताना उण्याचं चिन्ह दोघांना वाटून टाकलं: ३ घरं खाली आणि २ घरं डावीकडे. रेषा उतरायची ती मस्तपैकी चढत गेली, आणि मी तिला पट्टीने दोनदा गिरवलीसुद्धा. गुण शून्य. उणे एकच आहे, ते एकालाच मिळणार. दोघांना दिलंत तर उणे भागिले उणे अधिक होतं आणि तुम्ही भलत्याच रेषेवर जाता.

काही जण सांगतात, चिन्ह वर द्या नाहीतर खाली, सारखंच. गणित म्हणून खरं आहे, पण शिकणाऱ्याला असला पर्याय देऊच नये. माझ्याकडे एकच नियम: आधी नेहमी उजवीकडे चाला, मग चिन्ह बघून चढा किंवा उतरा. (०, ४)पासून २ घरं उजवीकडे, ३ घरं खाली: (२, १). पुन्हा तसंच: (४, −२).

आणि ही पावलं त्या ठिपक्यापासून मोजायची, आरंभबिंदूपासून नाही. शिकवताना दर वर्षी निदान एक तरी वही अशी सापडते, जिच्यात चढ अगदी बरोबर असतो आणि रेषा चार घरं खाली घसरलेली असते. चढ नुसता २ असेल तर तो २/१ समजा: १ उजवीकडे, २ वर.

तिसरा बिंदू मूळ समीकरणात घालून बघा: १२ − ४ = ८. जमलं. पट्टी लावा, रेषा ओढा, दोन्ही टोकांना बाण काढा.

क्ष = ५ असल्या उभ्या रेषेला ही पद्धत लावू नका. तिला चढच नसतो.

कोपऱ्यात ‘प्रमाण: दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक’ असं सवयीने लिहिणाऱ्यांनी तापमानाचा आलेख काढून पाहावा: फॅरनहाइट = (९/५)सेल्सिअस + ३२. एका सेंटिमीटरला एक एकक घेतलं तर ३२चा ठिपकाच कागदावर मावत नाही. १ सेमी = १० अंश घ्या. (०, ३२)पासून ५ उजवीकडे, ९ वर: (५, ४१). एवढ्या जवळच्या दोन ठिपक्यांवर पट्टी हलते, म्हणून दहा पावलं एकदम टाका: (५०, १२२). मग रेषा डावीकडे वाढवा. ती (−४०, −४०)मधून जाते, म्हणजे तिथे दोन्ही तापमापकांवर एकच आकडा दिसतो.